वरण देशी की परदेशी? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी ओझरतं लिहून गेले होते की आपल्या ताटातली पोळी आणि भात आपल्या देशातल्या धान्याचे असतात, पण वरणाचं आणि फोडणीचं तसं छातीठोक सांगता येत नाही. त्या एका वाक्यावर खूप प्रश्न आले. काही रागाने आले, काही काळजीने, आणि एका आजोबांनी तर चार पानं लिहून पाठवलीत. सगळी उत्तरं एका अंकात बसणार नाहीत, म्हणून ज्यांचे प्रश्न एकमेकांना जोडून येतात ते आधी घेतलेत.

प्रश्न : माझा मुलगा म्हणतो की आपण खातो ती तूर डाळ आफ्रिकेतून येते. आम्ही नांदेडचे, आजूबाजूला सगळी तूरच तूर, मला हे पटतच नाही. खरंय का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : तुमचं आणि मुलाचं, दोघांचंही बरोबर आहे. आपल्याकडे तूर भरपूर होते, जगात सगळ्यात जास्त भारतातच होते, पण आपण खातोही तेवढीच, त्याहून थोडी जास्तच. ढोबळ हिशोब असा की देशाला वर्षाला साधारण ४५ लाख टन तूर लागते आणि अलीकडच्या वर्षांत पिकते ३५ लाख टनांच्या आसपास. मधली जी तूट आहे ती मोझांबिक, टांझानिया, मलावी आणि म्यानमार इथून भरली जाते. मोझांबिकशी तर २०१६ मधे आपल्या सरकारने करारच केला, आणि तिथल्या नाम्पुला, झांबेझिया भागातले छोटे शेतकरी तूर लावतात ती मुख्यतः आपल्यासाठी.

मागे लातूरला एका डाळमिलमधे गेले होते तेव्हाची गोष्ट सांगते. गोदामात एका बाजूला आपल्या मराठवाड्याच्या तुरीची थप्पी आणि दुसऱ्या बाजूला परदेशी मालाची, आणि मिलवाले काका त्यांची नावं अशी घेत होते जशी आपण घरातल्या माणसांची घेतो, ही गजरी, ही मटवारा, ही अरुशा, आणि ती तिकडची बर्मा लेमन. पहिल्या तिन्ही आफ्रिकेच्या, लेमन म्हणजे म्यानमारची. त्यांनी दोन्ही मुठीत थोडी थोडी तूर घेऊन माझ्या हातावर ठेवली. आपली लाल तूर जरा टपोरी, लेमनचा दाणा पिवळसर आणि बारीक. पण एकदा चाळण झाली, घासून तेलपाण्याचा हात लागला, उन्हात वाळली आणि टरफल निघून दोन फाका झाल्या की मग मलाच काय, रोज डाळ शिजवणाऱ्या बाईलाही ओळखता येणार नाही. १०० किलो तुरीमागे ७० ते ७५ किलो डाळ पडते, बाकी चुणी आणि टरफल जनावरांना जातं. त्यामुळे किराणा दुकानातल्या सुट्ट्या डाळीकडे बघून ती कुठली हे सांगणं जवळपास अशक्य आहे, शिवाय मिलमधे मिसळही होते.

यातली मनाला लागणारी गोष्ट वेगळीच आहे. तूर हे मूळचं भारताचंच पीक आहे, तिची रानटी बहीण अजून आपल्या जंगलांत सापडते. इथूनच ती फार जुन्या काळी आफ्रिकेत गेली आणि आता तिथून पोत्यात भरून परत येते.

प्रश्न : मग इथेच जास्त तूर का लावत नाहीत? शेतकऱ्याला नको आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : हा प्रश्न शहरातून खूप जणांनी विचारलाय आणि मला यावर जरा सविस्तर लिहायचंय, कारण यात माझ्या माहेरचा अनुभव आहे.

तूर जूनमधे पेरली की निघते डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे सहा महिने तरी रान अडकतं. त्याच रानात सोयाबीन केलं तर साडेतीन महिन्यांत मोकळं होतं आणि मागे हरभरा घेता येतो. तुरीला फुलोऱ्यात ढगाळ हवा किंवा धुई पडली की फूल गळतं, शेंगा पोखरणारी अळी येते, मर लागते, वांझ रोग येतो. एवढं सगळं सोसून माल घरात आला तर भाव मिळायला पाहिजे की नको?

२०१५ मधे आठवतं का, तूर डाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली होती. त्या भावाकडे बघून पुढच्या वर्षी सगळ्यांनी तूर लावली, पाऊसही चांगला झाला आणि २०१६-१७ ला उत्पादन आदल्या वर्षीच्या २५ लाख टनांवरून एकदम ४८ लाख टनांवर गेलं. सरकारने हमीभाव बोनससकट ५,०५० रुपये क्विंटल जाहीर केला होता. पण त्याच वर्षी देशात सगळ्या कडधान्यांची मिळून ६६ लाख टन आयात झाली. म्हणजे इकडे आपली तूर खळ्यावर आणि तिकडे बंदरात जहाजं. बाजारात भाव चार हजारांच्याही खाली गेले. माझा चुलतभाऊ ट्रॅक्टरची ट्रॉली भरून खरेदी केंद्रासमोर रांगेत होता, नऊ दिवस, रात्री ट्रॉलीखाली झोपायचा, वहिनी डबा पाठवायची, आणि नवव्या दिवशी त्याला सांगितलं की बारदाना संपला. पोती नाहीत म्हणून खरेदी बंद. त्याने शेवटी ती तूर व्यापाऱ्याला ३,६०० ने दिली. पुढच्या वर्षी त्याने तुरीचं पाऊणच्या पाऊण रान सोयाबीनला दिलं आणि मला एवढंच म्हणाला, "ताई, तूर खायची तर खा, लावायला सांगू नको."

मग ऑगस्ट २०१७ मधे सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली. ती आली तेव्हा माझ्या भावाची तूर विकून झाली होती आणि तिकडे मोझांबिकमधे ज्यांनी भारत घेणार म्हणून तूर लावली होती त्यांचे भाव कोसळले. दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना एकाच वर्षी मार बसला, याचं मला फार वाईट वाटतं. पुढे मे २०२१ मधे आयात परत खुली झाली.

म्हणून माझं मत विचाराल तर तूर देशी की परदेशी हा खरा प्रश्नच नाही. जहाज कोणत्या महिन्यात लागतं आणि ते लागणार हे शेतकऱ्याला पेरणीच्या आधी कळतं की नंतर, हा प्रश्न आहे. आफ्रिकेची तूर ऑगस्ट-सप्टेंबरला निघते आणि इथे येते ती दिवाळीच्या आगेमागे, म्हणजे आपली नवी तूर बाजारात यायच्या तोंडावर. म्यानमारची तर आपल्याबरोबरच निघते. ज्या वर्षी तूट आहे त्या वर्षी ही आयात गरिबाच्या वरणाला आधार असते, आणि ज्या वर्षी पीक चांगलं आहे त्या वर्षी तीच आयात पुढच्या वर्षीची तूट तयार करून ठेवते.

प्रश्न : मसूर, मूग, उडीद, हरभरा यांचं काय? थोडक्यात सांगा. (एक गृहिणी, जळगाव)

उत्तर : थोडक्यातच सांगते. हरभरा आणि मूग बहुतेक आपलेच. उडीद बराचसा आपला, तूट आली की म्यानमारचा. मसूर मात्र मोठ्या प्रमाणात कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाचा. कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात १९७० च्या आधी मसूर कोणी फारसं लावत नव्हतं, खातही नव्हतं, तिथल्या विद्यापीठाने तिकडच्या हवामानाला जुळणारे वाण काढले आणि आज जगात मसूर विकणाऱ्यांत ते सगळ्यात पुढे आहेत. आणि एक पिवळा वाटाणा आहे, कॅनडा आणि रशियातून येणारा, तो थेट भाजीत कमी दिसतो पण बेसनात आणि फरसाणात भरपूर असतो. डिसेंबर २०२३ पासून तो शुल्क न लावता येऊ दिला तेव्हा आपल्या हरभऱ्याच्या भावावर परिणाम झाला असं बाजारातले लोक सांगतात आणि मला ते पटतं, कारण स्वस्त वाटाण्याचं पीठ मिळत असेल तर भजीवाला हरभऱ्याचं कशाला घेईल. २०२४-२५ या एका वर्षात सगळी कडधान्यं मिळून ७० लाख टनांच्या आसपास आयात झाली. तोवर एवढी कधीच झाली नव्हती.

प्रश्न : आम्ही घरी सूर्यफूल तेल वापरतो. २०२२ ला एकदम एवढं महाग झालं की शेंगदाणा तेलाशी बरोबरी करायला लागलं. दुकानदार म्हणाला युद्धामुळे. आपल्या फोडणीचा आणि त्या युद्धाचा काय संबंध? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : अगदी सरळ संबंध आहे. सूर्यफूल तेल आपल्याकडे येतं ते मुख्यतः युक्रेन आणि रशियाकडून. फेब्रुवारी २०२२ मधे युद्ध सुरू झालं, काळ्या समुद्रातली बंदरं बंद पडली आणि तेल तिकडेच अडकलं. लोक पाम आणि सोयाबीन तेलाकडे वळले तर एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियाने स्वतःच्या लोकांना तेल महाग पडायला लागलं म्हणून पाम तेलाची निर्यातच थांबवली, ती साधारण २५ दिवसांनी परत सुरू केली. त्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या वडापाववाल्याने कढई लहान केली होती, मी स्वतः बघितलंय.

खाण्याच्या गोष्टींत तेल ही आपली सगळ्यात मोठी परदेशी गरज आहे. खातो त्यातलं निम्म्याहून जास्त, वर्षाला १६० लाख टनांच्या आसपास, बाहेरून येतं. पाम इंडोनेशिया आणि मलेशियातून, सोयाबीन तेल अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून. घरी पाम तेल आणत नाही असं तुम्ही म्हणाल, मीही आणत नाही, पण बिस्किटाच्या पुड्यामागे बारीक अक्षरात घटक वाचा, तिथे खाद्य वनस्पती तेल आणि कंसात पाम असं दिसेल. फरसाण, वेफर्स, हॉटेलातली पुरी, नूडल्स, सगळीकडे तेच. म्हणजे बाटली आणली नाही तरी तेल पोटात जातंच.

पाम एवढं स्वस्त का पडतं हे समजून घ्यायला हवं. सोयाबीनमधे तेल असतं जेमतेम १८ ते २० टक्के, बाकी सगळी पेंड. सोयाबीनचं पीक खरं तर पेंडीसाठीच घेतात म्हणा ना, तेल वरचं. तर पामच्या चांगल्या बागेतून हेक्टरी ४ टनांपर्यंत तेल निघतं, सोयाबीनच्या कितीतरी पट. हे झाडसुद्धा मूळचं इंडोनेशियाचं नाही बरं का, पश्चिम आफ्रिकेचं आहे. १८४८ मधे जावा बेटावरच्या बोगोरच्या बागेत चार रोपं लावली होती, तिथून पुढे हा सगळा पसारा झाला.

आता मला खरंच सांगायची गोष्ट. एकदा आपण तेलात जवळपास स्वयंपूर्ण झालो होतो, हे आजच्या पिढीला कोणी सांगत नाही! १९८६ मधे तेलबियांसाठी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चांगलं बियाणं, हमीभाव, खरेदी, आणि बाजारात भाव आवरायला सहकारी क्षेत्राचं धारा तेल, असं सगळं एकत्र जुळून आलं आणि नव्वदीच्या सुरुवातीला आयात अगदी नगण्य उरली होती. लोक त्याला पिवळी क्रांती म्हणायचे. मग १९९४ मधे पामोलिनची, म्हणजे शुद्ध केलेल्या पाम तेलाची, आयात खुली झाली, तेव्हा शुल्क होतं ६५ टक्के, ते चारच वर्षांत १५ टक्क्यांवर आणलं. शहरातल्या गिऱ्हाइकाला तेल स्वस्त मिळालं हे खरं, मीही तेव्हा त्याच गिऱ्हाइकांत होते. पण शेंगदाणा, करडई, जवस, कारळं लावणारा माणूस त्या भावाशी झगडू शकला नाही. दहा-बारा वर्षांची मेहनत अशी वाया गेली, आणि आता २०२१ मधे पामच्या लागवडीसाठी ११,०४० कोटींची आणि २०२४ मधे बाकी तेलबियांसाठी १०,१०३ कोटींची नवी मोहीम काढावी लागली. मोहिमा चांगल्या आहेत, यशस्वी व्हाव्यात असंच मला वाटतं, पण शुल्क असं वर-खाली होत राहिलं तर सगळं परत पहिल्यापासून. सप्टेंबर २०२४ मधे कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क सगळं धरून साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्के केलं, तेव्हा सोयाबीनवाल्यांना जरा बरं वाटलं, आणि मे २०२५ च्या शेवटी ते परत साडेसोळावर आणलं, नेमकं पेरणीच्या तोंडावर.

प्रश्न : ... १९७२ च्या दुष्काळात आम्ही खडी फोडायला जायचो, सुकडी मिळायची आणि रेशनवर लाल मिलो मिळायची. तिची भाकरी थापताना तुटायची आणि घशाखाली उतरायची नाही. आई म्हणायची अमेरिकेतली जनावरं खातात ते आपल्याला दिलंय. आता परत तशी वेळ येईल का, एवढंच सांगा. (एक आजोबा, बीड जिल्हा)

उत्तर : आजोबा, तुमची चारही पानं वाचली, दोनदा वाचली. तुमच्या आईंचं म्हणणं चुकीचं नव्हतं, मिलो म्हणजे तिकडची लाल ज्वारी, ती तिकडे मुख्यतः जनावरांच्या खाद्यासाठीच लावायचे.

त्या आधीची सोळा वर्षंही लक्षात घ्यायला हवीत. १९५६ मधे अमेरिकेशी पी.एल. ४८० चा, म्हणजे त्यांच्या धान्य-मदतीच्या कायद्याखालचा, करार झाला आणि तिथला गहू रुपयांत मिळायला लागला. रुपयांत मिळतोय म्हटल्यावर इथल्या शेतीकडे जेवढं लक्ष द्यायला हवं होतं तेवढं दिलं गेलं नाही. मग १९६५ आणि १९६६ असा लागोपाठ दोन वर्षं पाऊस गेला, १९६६ मधे साधारण १ कोटी टन धान्य बाहेरून आणावं लागलं, आणि अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन जहाजं एकेक करून सोडायला लागले, म्हणजे आपण त्यांच्या मनासारखं बोलतो का ते बघून. लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्री जेवू नका म्हणून सांगितलं ते त्याच सुमारास. आमच्या घरात माझे आजोबा शेवटपर्यंत सोमवारी रात्री फक्त दूध घ्यायचे, शास्त्रीजी गेले तरी सोडलं नाही.

१९६६ मधेच मेक्सिकोहून बुटक्या गव्हाचं १८,००० टन बियाणं आणलं. लेर्मा रोखो आणि सोनोरा ही त्यांची नावं. त्यांचा बुटकेपणा मुळात एका जपानी गव्हातून आलेला. मेक्सिकोहून आलेल्या अशाच बुटक्या गव्हातून आपल्या शास्त्रज्ञांनी कल्याणसोना आणि सोनालिका निवडून काढले. १९६४-६५ ला देशात सव्वा कोटी टनांच्या आत गहू व्हायचा, २०२४-२५ ला पावणेबारा कोटी टनांच्या आसपास झाला. तांदूळ तर आपण एवढा पिकवतो की जगाच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या तांदळातला साधारण ४० टक्के भारताचा असतो. जुलै २०२३ मधे आपण साधा पांढरा तांदूळ बाहेर पाठवणं थांबवलं तेव्हा पश्चिम आफ्रिकेतल्या देशांत भाव चढले. म्हणजे एकेकाळी इंडोनेशियाने आपल्याशी जे केलं तेच आपण आफ्रिकेतल्या या देशांशी केलं, हेही प्रामाणिकपणे लिहायला हवं.

तेव्हा आजोबा, १९७२ सारखी वेळ, म्हणजे पोटभर धान्यच नाही आणि जहाजाची वाट बघायची, अशी वेळ आज गहू-तांदळाच्या बाबतीत नाही. इजिप्तसारख्या देशाची अवस्था बघा, तिथे भाकरीला जो शब्द आहे त्याचा अर्थच जगणं असा आहे, आणि त्या भाकरीचा निम्मा गहू बाहेरून येतो.

प्रश्न : म्हणजे गहू-तांदूळ १०० टक्के देशी असं म्हणायचं ना? (एक विद्यार्थिनी, राहुरी)

उत्तर : तू शेती शिकतेस असं लिहिलंयस म्हणून तुला पूर्ण उत्तर देते. दाणा देशी आहे. पण दाणा ज्या खतांवर आणि इंधनावर वाढतो ते बघ. पोटॅश आपल्याकडे जवळपास अजिबात निघत नाही, सगळं बाहेरून, कॅनडा, रशिया, बेलारूस, इस्राएल, जॉर्डन. डीएपी हे फॉस्फेटचं खत आणि ते बनवायचा दगड मोरोक्को, जॉर्डन, सौदीकडून. जगातल्या फॉस्फेटच्या साठ्यांपैकी जवळपास ७० टक्के एकट्या मोरोक्कोकडे आहेत. युरिया आपण इथे बनवतो, पण तो बनतो नैसर्गिक वायूपासून आणि त्यातला बराच वायू कतारहून जहाजाने येतो. पंपाचं आणि ट्रॅक्टरचं डिझेल धर, ते ज्यापासून बनतं ते कच्चं खनिज तेल तर ८५ टक्क्यांच्या वर परदेशी. ४५ किलोची युरियाची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना पडते म्हणून हे कोणाला जाणवत नाही, फरक सरकार भरतं. पण ज्या वर्षी डीएपी वेळेवर येत नाही त्या वर्षी दुकानासमोर पहाटे चारपासून चपलांची रांग लागते, आणि त्या चपला ज्या जहाजाची वाट बघत असतात ते हजारो किलोमीटर लांब असतं.

म्हणून मला ज्वारीबद्दल, बाजरीबद्दल एवढं प्रेम आहे. आपल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ज्वारी घे, गेली कित्येक दशकं सोलापूर-मंगळवेढ्याच्या काळ्या रानात नुसत्या जमिनीतल्या ओलीवर येते, खत मिळालं तर ठीक, नाही मिळालं तरी कडबा आणि चार पोती दाणा देऊन जाते. सगळ्यात कमी जहाज लागतं ते तिला.

प्रश्न : ज्वारी तरी आपली मूळची आहे ना? आणि उपासाचे पदार्थ? ते तर पुरातन असणार. (एक वाचक, सातारा)

उत्तर : ज्वारी, बाजरी, नाचणी तिन्ही मूळच्या आफ्रिकेच्या, पण इथे येऊन तीन-चार हजार वर्षं झाली, आता त्या आपल्याच. गहू पश्चिम आशियाचा. खऱ्या अर्थाने इथल्या मातीतले म्हणजे तूर, मूग, उडीद, कुळीथ आणि तीळ.

उपासाचं मात्र तुम्हाला धक्का देणारं आहे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेचा, आणि तमिळनाडूतल्या सेलमला त्याचे कारखाने निघाले ते १९४० च्या दशकात. बटाटा, रताळं, शेंगदाणा, हिरवी मिरची, राजगिरा, सगळं अमेरिका खंडातलं. पोर्तुगीज आले १४९८ ला, त्याआधी यातलं काहीच आपल्याकडे नव्हतं, बटाटा हा शब्दसुद्धा त्यांचाच. एकादशीच्या ताटात भगर आणि शिंगाडा एवढेच जुने रहिवासी. याने उपासाला काही कमीपणा येत नाही, माझ्या आजीची साबुदाण्याची खिचडी कोणत्याही खंडातून आलेली असो, ती आजीचीच.

पीक कधीकाळी बाहेरून आलं आणि इथे रुजलं, ही एक गोष्ट. पोतं दर वर्षी बाहेरून येतं, ही वेगळी गोष्ट. आलेल्या बऱ्याच पत्रांमधे या दोन्ही एकत्र झाल्यात, म्हणून वेगळं करून सांगितलं.

प्रश्न : हिंगाचा डबा भारतात बनलेला असतो, मग हिंग आयात होतो असं का म्हणतात?

उत्तर : डबा इथला, त्यातला कच्चा हिंग अफगाणिस्तान, उझबेकिस्तान, इराणचा. इथे त्यात पीठ आणि डिंक मिसळून बांधणीचा हिंग करतात. भारतात हिंगाचं पहिलं रोप ऑक्टोबर २०२० मधे हिमाचलमधल्या लाहौलला लावलं. झाड तयार व्हायला चार-पाच वर्षं तरी लागतात, त्यामुळे अजून बराच काळ आपली फोडणी काबूलवर अवलंबून राहील.

प्रश्न : आयात सरळ बंदच करून टाकली तर? (तीन-चार पत्रांत हेच आलंय)

उत्तर : नको. दोन वर्षं पाऊस गेला तर डाळ परत २०० वर जाईल आणि ज्या घरात डाळ हेच एक पौष्टिक असतं त्या घरातल्या ताटातून ती आधी जाईल. माझं मागणं लहान आहे. डिसेंबर ते मार्च तुरीवर आणि ऑक्टोबर ते डिसेंबर तेलावर शुल्क चढं ठेवा, काय ठेवणार ते मे महिन्यात, पेरणीच्या आधी जाहीर करा, आणि मधेच बदलू नका. आणि खरेदी केंद्रावर बारदाना ठेवा. २०२५ च्या बजेटमधे तूर, उडीद, मसूर यांच्यासाठी सहा वर्षांची मोहीम जाहीर झाली, नोंदवलेल्या शेतकऱ्यांकडून ही तीन कडधान्यं खरेदी करू असं त्यात म्हटलंय. ते तसं झालं तर माझा भाऊ परत तूर लावेल, मी त्याला ओळखते.

प्रश्न : आमच्या भागात पूर्वी करडई असायची, आता कोणी लावत नाही. मला एक एकर लावून बघायचीय, घरच्या तेलासाठी. काय वाटतं? (एक शेतकरी, परभणी)

उत्तर : जरूर लावा, पत्र वाचून खूप आनंद झाला. सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरा, जमिनीत ओल असतानाच. करडई गेली ती भावामुळे आणि काट्यांमुळेही, काढणीला हाताला फडकी गुंडाळावी लागायची आणि आता त्यासाठी मजूर मिळत नाहीत. पण फलटणच्या निंबकर संस्थेने बिनकाट्याचं वाण काढलंय, नारी-६ नावाचं, त्याची चौकशी करा. मावा ही कीड पडते, तेवढं डिसेंबर-जानेवारीत लक्ष ठेवा. बिनकाट्याची असल्यामुळे दाणा भरल्यावर वाळलेल्या पाकळ्याही हाताने वेचता येतात, त्यांना वेगळं गिऱ्हाईक आहे. बियांत साधारण ३० टक्के तेल असतं, पण लाकडी घाण्यावर तेवढं सगळं निघत नाही, तो हिशोब आधीच धरा. पेंड घाणेवाल्याकडे सोडू नका, घरी घेऊन या, म्हशीला चालते.